शेऱ्याचा रकाना

दप्तर हा शब्द मोठा प्रवासी आहे. त्याचे मूळ ग्रीक. तिथे त्याचा अर्थ कमावलेले कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून फारसीत त्याचे दफ्तर झाले. आणि मराठीत आल्यावर तो शब्द एकीकडे पेशव्यांच्या कचेरीत जाऊन बसला, तर दुसरीकडे आमच्या पहिलीतल्या पोरांच्या पाठीवर. इतकी मजल मारलेल्या या शब्दाला आणखी एक मुक्काम गाठायचा होता. आमच्या शिक्षणसंस्थेने ठरवले, की चारही शाळांचे दप्तर संगणकात घालायचे.

याला ते लोक इंट्रानेट म्हणतात. इंटरनेट ही वाहती नदी मानली, तर इंट्रानेट ही वाड्यातली विहीर. पाणी तेच, पण पोहरा सोडायचा तो घरच्यांनीच. कंपन्यांतून ही पद्धत केव्हाच रुळली आहे. मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट तर २००१ सालीच बाजारात आले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कचेऱ्यांवर अभिलेखांची नीट सूची करून ठेवण्याचे बंधन घातले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पण आमच्या संस्थेला घाई झाली ती कायद्यामुळे नव्हे. आमचे भाऊसाहेब, म्हणजे हेडक्लार्क, मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. कोणताही कागद मागा, ते डोळे मिटून सांगत, ‘तिसरे कपाट, वरून दुसरा खण, निळ्या फडक्यात.’ ही सूची कुठेही लिहिलेली नव्हती. ती त्यांच्याबरोबर पेन्शनीत जाणार, या भीतीने संस्थेची झोप उडाली होती.

या कामात माझी वर्णी लागली ती मोठ्या मौजेने. मी मॅट्रिक झालेली मास्तरीण. संगणकाशी माझी ओळख गुणपत्रके भरण्यापुरती. पण चिटणीस म्हणाले, ‘बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, पात्रांना नावे देता. आता कागदांना द्या.’

ते बोलले थट्टेत, पण पुढे कळले, की सगळे काम नावाचेच आहे. यंत्रणा बसवायला आलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला सारे समजावून दिले. एखादे बिल आले, की ते स्कॅनरखाली धरायचे. यंत्र त्यातली छापील अक्षरे ओळखते, तारीख आणि रक्कम टिपून घेते, ठरलेल्या कप्प्यात कागद ठेवते आणि आपण होऊन तो आधी मुख्याध्यापकांकडे, मग चिटणिसांकडे मंजुरीला पाठवते. कोणी मजकूर बदलला तरी जुनी प्रत पुसली जात नाही. कोणी, केव्हा, काय बदलले, याची नोंद राहते. सासूच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटेल, याच्या नजरेतून नाही! मात्र प्रत्येक कागदावर आधी चिठ्ठी हवी: हा कोणाचा, कशाबद्दल, कोणत्या सालचा, कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये. स्वयंपाकघरात एकसारखे वीस डबे मांडून ठेवले आणि एकावरही नाव लिहिले नाही, तर मोहरी सापडेपर्यंत तेल जळून जायचे. तसेच हे.

आणि नाव तरी शुद्ध हवे. कोणी ‘सूचना’ लिहिले होते, कोणी ‘सुचना’. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एक शोधले, तर दुसरे मिळेना. इतकी वर्षे मी ऱ्हस्व-दीर्घाच्या खाली लाल रेघा ओढीत आले. पहिल्यांदाच कोणी माझी बाजू घेतली, तेही एका यंत्राने! युनिकोड रुळण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता उकिरडा दिसला. कागद होता, मजकूर होता, पण वाचता येत नव्हता.

तेव्हा मला पुण्याच्या पेशवे दप्तराची आठवण झाली. कापडी रुमालांत बांधलेले ते मोडी कागद वर्षानुवर्षे तसेच पडून होते. १९३० पासून रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, आणि ते मुके कागद बोलू लागले. रुमालाने कागद राखले खरे. पण कोणीतरी गाठ सोडून वाचीपर्यंत, ‘हे अमक्याचे तमक्याला पत्र’ असे लिहून ठेवीपर्यंत, राखलेले आणि हरवलेले यांत फारसे अंतर नव्हते.

आमचे काम चालू असतानाच एक आजी नातवाचा हात धरून कचेरीत आल्या. श्रावणबाळ योजनेचे मासिक साहाय्य मिळायला वयाची पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यांना वयाचा पुरावा म्हणून शाळेतला उतारा हवा होता. नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची ही उत्तम संधी! मुलाने नाव टाइप केले, आणि पापणी लवते न लवते तोच जन्मतारीख पडद्यावर आली. त्या तारखेप्रमाणे आजी चौसष्ट वर्षांच्या होत्या.

आजी काही बोलल्या नाहीत. नुसता पदर सावरला. बोलले ते भाऊसाहेब. ‘थांबा,’ म्हणाले, आणि कपाटातून १९६६ सालचे जनरल रजिस्टर घेऊन आले. त्या पानावर ती तारीख होती, पण तिच्यावर बारीक आडवी रेघ होती. आणि पार उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने खरी तारीख, वरिष्ठांच्या आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही. शेऱ्याप्रमाणे आजींची पासष्ट वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

चूक यंत्राची नव्हती, आणि रजिस्टर उतरवून घेणाऱ्या मुलीचीही म्हणता येत नव्हती. फॉर्म मुळात कंपनीसाठी बनवलेला. त्यात नाव होते, क्रमांक होता, तारीख होती. शेऱ्याला जागाच नव्हती. ज्याला रकाना नाही, ते यंत्राच्या लेखी घडलेलेच नाही. माणसाचे आयुष्य मात्र बहुधा शेऱ्यातच असते. वडील वारले म्हणून शाळा सोडली. गावाला पूर आला म्हणून वर्ष वाया गेले. फी माफ केली. ठरीव रकान्यांत न मावणारे सारे तिथे लिहिलेले असते.

त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याने न सांगता नवा रकाना वाढवला, आणि प्रत्येक नोंदीला मूळ पानाचे चित्र जोडायचे ठरवले. सोळा रजिस्टरे पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागली. कोणी कुरकुर केली नाही. त्या आजी पडद्यावरची तारीख मुकाट्याने मान्य करून परत फिरल्या असत्या, हे सगळ्यांनी पाहिले होते.

शेवटचा प्रश्न उरला कागद नष्ट करण्याचा. सरकारी दप्तरात त्याचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, आणि ‘ड’ एक वर्ष. आम्हीही तेच घेतले. मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘बाई, मुदत संपली की आपोआप पुसले जाईल, अशी सोय करता येते.’ भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘यादी त्याला काढू दे,’ ते म्हणाले, ‘सही माणसाने करायची.’ तसेच ठरले.

भाऊसाहेब मेमध्ये निवृत्त झाले. आता कोणताही कागद क्षणात सापडतो. ‘निळ्या फडक्यात’ असे कोणी म्हणत नाही, याची मला अधूनमधून रुखरुख वाटते. पण एखादी आजी पुन्हा आली, तर तिला भाऊसाहेबांच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही, ही गोष्ट त्या रुखरुखीहून मोठी आहे.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या घरीही जुन्या फोटोंची पेटी निघाली असेल. नातवंडे मोबाईलवर त्यांची चित्रे घेतील, छानच होईल. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून घ्या: हे कोण, कुठले, कोणत्या सालचे. आणि मग थोडे थांबून विचारा, आणखी काही? ते जे सांगतील, तो शेरा. तोही लिहा.