उत्तर माहीत असताना

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही स्फूर्तिदायक लिहून द्यावे, असा निरोप वसतिगृहाच्या ताईंकडून आला, तेव्हा आम्ही दोघी संकोचलो. स्फूर्ती द्यावी इतके मोठे काही आमच्या हातून घडलेले नाही. मात्र बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही जे शिकलो, ते विद्यालयातील धाकट्या भावंडांपर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते. त्याची सुरुवात एका कबुलीने करावी लागेल.

महाविद्यालयात लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यायला हवे, हे सर्वांनाच ठाऊक होते. लंबक दहा वेळा हलवून वेळ मोजण्याऐवजी आम्ही त्या ९.८ वरून मागे मागे गणित करीत गेलो आणि वहीत निरीक्षणे भरली. थोडी खरी वाटावीत म्हणून एकदोन आकडे मुद्दाम चुकवले. वहीवर सही झाली, गुणही मिळाले. सगळेच तसे करीत, त्यामुळे त्यात काही वावगे आहे हे मनाला शिवलेही नाही.

उन्हाळी संशोधन कार्यक्रमाची माहिती आम्हाला अपघातानेच मिळाली. ग्रंथालयातील सूचनाफलकावर दुसऱ्या कागदांखाली झाकलेले एक पत्रक होते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीतील आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करावे, राहण्याची सोय व विद्यावेतन मिळेल, असे त्यावर लिहिले होते. शिफारसपत्रासाठी आम्ही विभागात गेलो, तेव्हा "तिकडे मोठ्या शहरांतली मुले जातात," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला सही झाली. घरचा प्रश्न याहून अवघड होता. उन्हाळा हा आमच्या घरी कमाईचा हंगाम. आमच्यापैकी एक दर सुट्टीत वडिलांबरोबर वीटभट्टीवर जात असे. वडिलांनी एवढेच विचारले, "रोज किती पडंल?" विद्यावेतनाची रक्कम सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जा. पर काम काय हाय ते मला आल्यावर समजून सांग."

पुण्यात गणेशखिंड परिसरातील एका संशोधन संस्थेत आम्हा दोघींना मिळून एकच काम मिळाले: आपल्या आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग मोजणे. ऐकूनच छाती दडपली. त्यासाठीचे साधन मात्र ओळखीचे निघाले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाडीवर बांधतात तसा, पण चौकोनी तोंडाचा एक पत्र्याचा कर्णा. हा कर्णा बोलत नाही, ऐकतो, एवढाच फरक. आकाशगंगेत सर्वत्र हायड्रोजन वायू पसरलेला आहे. त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची दिशा उलटली की १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेची, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एकाच अणूची वाट पाहत बसले, तर हे घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतील. पण अणूच इतके अगणित आहेत की ही कुजबुज अखंड चालू असते. ती लहर १९५१ साली हार्वर्ड विद्यापीठात यूएन व पर्सेल यांनी प्रथम टिपली. त्यांनीही असाच एक कर्णा खिडकीबाहेर बसवला होता. लाकडी फळ्यांचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला. पावसात त्यातून पाणी थेट प्रयोगशाळेत येई म्हणतात. जूनच्या पहिल्या सरीने आमच्या यंत्रणेचीही तीच गत केली, तेव्हा या आठवणीने आम्हाला मोठा धीर आला.

रेल्वे जवळ येताना शिटीचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो. हायड्रोजनच्या लहरीचेही तसेच होते. वारंवारता किती सरकली यावरून तो वायू आपल्याकडे येतो की दूर जातो, व किती वेगाने, ते कळते. रात्री गच्चीवर कर्णा आकाशगंगेच्या पट्ट्यातील एकेका दिशेला रोखायचा, दहा मिनिटे नोंद घ्यायची आणि पुढच्या दिशेला वळायचे, असा क्रम तीन आठवडे चालला. शेजारच्या खोल्यांतील विद्यार्थी नामवंत संस्थांतून आलेले होते आणि सफाईने इंग्रजी बोलत. साप्ताहिक बैठकीत आम्ही दोघी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसत असू. पहिले तीन आठवडे आम्ही तेथे एकही प्रश्न विचारला नाही.

शेवटच्या सादरीकरणाला चार दिवस उरले, तेव्हा आमचा आलेख तयार झाला. पुस्तकाप्रमाणे वेग सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर यायला हवा होता. आमचा १६० ते १७० च्या आसपास रेंगाळत होता. रात्री अकरा वाजता आम्हा दोघींपैकी एक हळूच म्हणाली, "सगळ्या आकड्यांत पन्नास मिळवले तर?"

दुसरी हसली नाही. तो मार्ग आम्हाला पुरता ठाऊक होता. लंबकाच्या वहीत आम्ही तेच केले होते. कोणी विचारले, तर उपकरणातील दोष म्हणून सांगता आले असते. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. भीती पकडले जाण्याची नव्हती. आठ आठवडे गच्चीवर जागून काढले आणि शेवटी उत्तर पुस्तकातूनच उतरवायचे असेल, तर वडिलांना काम समजावून काय सांगणार, हा विचार छळत होता.

सकाळी आम्ही चुकलेला आलेख जसाच्या तसा मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवला. आता बोलणी बसणार, असे वाटले. त्यांनी आलेख बराच वेळ निरखला आणि एवढेच विचारले, "त्या रात्री पृथ्वी कुठे चालली होती?"

त्या प्रश्नातच सगळे होते. आमचा कर्णा स्थिर नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते, आणि स्वतः सूर्यही शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे २० किलोमीटर वेगाने सरकतो. मोजलेल्या वेगातून हा आपला वेग वेगळा काढावा लागतो, आणि तसे करणारी ओळ आमच्या संगणकीय आज्ञावलीत होतीही. मेजावर एक लिंबू सूर्य म्हणून ठेवून, कागदावर जूनमधील पृथ्वीची जागा मांडून आम्ही दुपारभर दिशा ताडून पाहिल्या. आम्ही ज्या भागाकडे कर्णा रोखला होता, त्याच बाजूला त्या दिवसांत पृथ्वी आणि सूर्य दोघांचीही चाल होती. म्हणजे तिकडचा वायू आम्हाला प्रत्यक्षाहून कमी वेगाने दूर जाताना दिसत होता. तो फरक मिळवायला हवा होता. आम्ही वजा केला होता. एका चिन्हाची चूक, आणि म्हणून ती दुप्पट झालेली.

चिन्ह सुधारले. बहुतेक बिंदू २०० ते २३० च्या दरम्यान येऊन बसले. त्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली आणि अंगावर काटा आला. आदल्या रात्री पन्नास मिळवले असते, तरी आकडे जवळपास हेच आले असते. उत्तर बरोबर ठरले असते, टाळ्याही मिळाल्या असत्या. आणि पृथ्वी कोठे चालली आहे हे आम्हाला कधीच कळले नसते.

त्या आलेखाचा अर्थही तेव्हाच खऱ्या अर्थाने उमगला. सूर्यमालेत मध्यापासून दूर जावे तसा वेग घटतो: बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच. आकाशगंगेत तसे होत नाही. आमची रेघ जवळजवळ सपाट होती. आमची मोजणी सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागापुरतीच होती. परंतु इतर दीर्घिकांच्या पार कडेपर्यंत वेग असाच टिकून राहतो, हे व्हेरा रूबिन यांनी १९७० च्या दशकात सहकाऱ्यांसह दाखवून दिले. दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान त्यासाठी पुरत नाही. न दिसणारे द्रव्य कशाचे बनले आहे, या प्रश्नाचे उत्तर आजही कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. तेथे मागून गणित करताच येत नाही.

सादरीकरणात आम्ही आधी चुकलेला आलेख दाखवला, मग सुधारलेला. आमचे इंग्रजी अडखळलेच. पण त्या दिवशी सर्वांत जास्त प्रश्न आम्हाला विचारले गेले, आणि उत्तरे आमची स्वतःची होती. घरी गेल्यावर वडिलांनाही लिंबू मांडूनच काम समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ते न दिसणारं कोण शोधणार?"

आज आमच्यापैकी एक कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, दुसरी पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. धाकट्या भावंडांना सांगायचे ते थोडकेच. असे कार्यक्रम आपल्यासाठीही आहेत. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा असा कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम चालतो. अर्ज बहुधा हिवाळ्यातच मागवतात, म्हणून सूचनाफलकावरचे खालचे कागदही उचलून पाहा. सही नाकारली गेली, तर पुन्हा जा. आणि जो आधी जाईल त्याने मागच्याला वाट सांगावी.

आणि उद्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत लंबक हाती घ्याल, तेव्हा जो आकडा येईल तोच वहीत लिहा. तो ९.८ नसेल, तर गुण जातील अशी भीती वाटेल. तरीही तोच लिहा, आणि तो तसा का आला हे सरांना विचारा.

— विद्यालयाच्या दोन माजी विद्यार्थिनी