गळ्यातली माळ आणि रॉंग साईड



भिवंडीजवळच्या वळ गावातून हे लिहितो आहे. गावाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण मुंबई-ठाण्यात घरपोच येणारी कितीतरी खोकी आमच्या आसपासच्या गोदामांतून निघतात. अंजूरफाट्याकडून दापोड्यावरून माणकोलीला जाताना दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं दिसतात, तिथेच आम्ही राहतो. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरं होती. रात्री हरिपाठ सुटल्यावर आम्ही पोरं रस्त्याच्या मधोमध चालत घरी यायचो, आणि एखादी बैलगाडी सोडली तर मागे बघायची गरज पडत नव्हती. आता त्याच रस्त्याने चाळीस फुटी कंटेनर जातात. सायकलवाला, रिक्षा, टेम्पो, डोक्यावर डबा घेऊन निघालेला हमाल, शाळेची मुलं, सगळी त्यांच्या कडेकडेने.

मी शेतकरी होतो, मग टेम्पो चालवला, मग जमिनीवर गाळे बांधले. माळ पस्तीस वर्षांपूर्वी घातली. एकादशी चुकली नाही, वारी चुकली नाही. हे सांगतो ते मोठेपणा म्हणून नाही. पुढे जे सांगायचं आहे, त्यासाठी हे आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पावसाळ्यातली गोष्ट, दोनेक वर्षांपूर्वीची. हरिपाठ सातला. मला गाळ्यावर उशीर झाला. गाळ्यातून बाहेर पडलं की देवळाकडे जायला आधी उलट्या दिशेला पुढच्या कटपर्यंत जावं लागतं, तिथून वळून परत यायचं. मोजून सात-आठ मिनिटं. (गावाचं नावच वळ, पण वळायचं कुठे हे आम्हालाच कळत नाही, असा विनोद मी पूर्वी करायचो. आता करत नाही.) सगळे करतात तेच मी केलं. मोटारसायकल डिव्हायडरच्या कडेने रॉंग साईडला घातली. दोनशे फूट तर जायचं होतं. समोरून एका ट्रेलरने अपर मारला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, मी गाडी कडेला दाबली, आणि कडेने एक माणूस चालत होता.

तो गोदामातला हमाल होता, उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा. सुट्टी होऊन खोलीवर निघाला होता. तो आपल्या बाजूने नीट चालत होता, आणि गाड्या ज्या दिशेने यायला हव्यात तिकडेच बघत होता. मी मागून आलो. त्याच्या पायाचं हाड मोडलं. मी त्याला उचलून रिक्षात घातलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं. "बाबा, आप तो मालावाले हो," एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. नवल होतं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

दवाखाना केला, पोलिसांत स्वतः जाऊन सांगितलं, त्याचा रोज बुडला तितके महिने पैसे दिले. ते द्यायलाच हवे होते, त्याचं काही नाही. पण माउली, मधले काही दिवस मी काय केलं ते ऐका. भेटायला येणाऱ्यांना मी ट्रेलरवाल्याची गोष्ट सांगत होतो. त्याने अपर मारला, रस्त्यावर दिवे नव्हते, खड्डे होते, कट फार लांब ठेवला आहे. यातलं एकही खोटं नव्हतं. ऐकणारे माना डोलवत होते. एक जण म्हणाला, "त्यानेही बघून चालायला पाहिजे होतं." मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं अजून टोचतं.

कारण त्याच्या आधीच्या वर्षी, 31 ऑक्टोबर 2022 ला, आपण काय बोललो होतो? कोल्हापूरकडच्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीला पंढरपूरला निघाली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळी एक मोटार मागून दिंडीत घुसली आणि सात वारकरी गेले. तेव्हा आमच्या देवळात मीच तावातावाने म्हणालो होतो, की यांना चालणारा माणूस दिसत नाही का? त्याआधी नोव्हेंबर 2019 मध्ये दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात शिरला, आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि एक तरुण वारकरी आपल्यातून गेले. तेव्हाही मी हेच बोललो होतो. चालणाऱ्याच्या बाजूने बोलताना माझा आवाज मोठा असतो. हँडल हातात आलं, की तोच चालणारा मला अडचण वाटतो.

जुलै 2024 मध्ये आषाढीला दोन दिवस राहिले असताना, खाडीपलीकडच्या डोंबिवलीकडून पंढरीला निघालेली वारकऱ्यांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण गेले. त्या मार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे. ट्रॅक्टर तिथे कसा आला असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, मी दोनशे फूट गेलो तसाच. थोडंच जायचं आहे, कोण बघतंय, एवढंच मनाशी म्हणून.

देशात 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, असं सरकारचा अहवाल सांगतो. दिवसाला 460 च्या वर. त्यात शंभरातले सुमारे 71 मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. माझ्यासारख्या रॉंग साईडवाल्यांच्या खात्यावर नऊ हजारांच्या आसपास. हे आकडे वाचले तेव्हा मी माझ्या खात्यात एक पाय मांडला.

आता तुम्ही म्हणाल, या गर्दीत शिस्त पाळणार कोण? दंड वाढवा, कॅमेरे लावा. लावावेतच. पण शिस्त आपल्याला कुणी नवीन शिकवायला नको. माउलींच्या सोहळ्यात चाललेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मग रथ, मग मागच्या दिंड्या, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. लाखो माणसं चालतात, पण मागची दिंडी पुढचीला ओलांडत नाही. उशीर झाला म्हणून कुणी शेतातून आडवा जाऊन पुढे घुसत नाही. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड वर केला, की एवढा जनसमुदाय एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, तेवढीच टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो. म्हणजे आवाज करायचा तो खरी अडचण असलेल्याने, आणि तो ऐकून घ्यायचा बाकीच्यांनी. आमच्या अंजूरफाट्याला संध्याकाळी या. अडचण कुणाची आहे ते कळतच नाही, कारण सगळेच हॉर्न वाजवतात.

तीच माणसं आहेत, माउली. आषाढात चोपदारांच्या एका दंडाने थांबणारा माझा हात श्रावणात लाल सिग्नलला थांबत नाही. पंढरीच्या वाटेवर लहान पोराच्याही पाया पडतो आपण, समोरच्यात देव आहे म्हणून. मग रस्ता ओलांडायला थांबलेल्या म्हातारीला हॉर्न का देतो?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती आमच्यासारख्या गाळेवाल्यांची आहे. आम्ही कंटेनरवाल्यांना शिव्या देतो, झोपेत चालवतात म्हणून. तो झोपतो कुठे ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. दोन-दोन रात्री चालवून तो इथे पोचतो. गेटवर सांगतात, माल उद्या उतरवू. आत गाडी घेत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभी केली तर हटकतात. संडास नाही, पाणी नाही, सावली नाही. मग माल उतरला की मालकाचा फोन येतो, लगेच निघ. मोटार कामगाराचं काम दिवसाला आठ तासांचं, हे 1961 च्या कायद्यानेच ठरवलं होतं. आमच्या गेटवर तो कुणी वाचलेला नाही, मीही वाचला नव्हता. ताशी साठच्या वेगात डोळ्यावर एक सेकंद झापड आली, तर गाडी सोळा मीटरच्या वर पुढे गेलेली असते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कंटेनरच्या लांबीपेक्षा जास्त. आणि वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागतं. भरलेल्या गाडीपुढे हमाल असो की वारकरी, हा हिशोब बदलत नाही.

म्हणून मी माझ्या गाळ्याच्या आवारात एक कोपरा मोकळा केला. वर पत्रा, एक पंखा, चार बाकडी, पाण्याची टाकी, संडास-न्हाणी. फार खर्च आला नाही. भाडेकरूला सांगितलं, गाडी रात्री आली तर आत घ्यायची, रस्त्यावर उभी करायची नाही. तो आधी कुरकुरला. सप्ताहात आपण हजार माणसांचं अन्नदान करतो, आणि दारात उभा असलेला, घरापासून दोन हजार किलोमीटरवर आलेला माणूस उपाशी जागा राहतो. गावात आणखी दोघांनी अशी सोय केली. बाकीचे बघू म्हणतात. सोसायटीत विषय काढला की लोक घड्याळ बघतात, हेही सांगतो.

आमची चाळीस जणांची दिंडी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी जाते. पडघा, आसनगाव, कसाऱ्याचा घाट, घोटी. पहाटे चारला अंधारात आणि धुक्यात निघायची आमची जुनी सवय होती. ती मोडली. आता उजाडल्यावर निघतो आणि अंधारायच्या आत मुक्काम गाठतो. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, दोन-दोनच्या रांगेत चालतो. पुढे पताका, मागे लाल दिवा घेतलेला माणूस, सगळ्यांच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या. सामानाच्या टेम्पोवर दोन चालक. वृद्ध विणेकऱ्यांना पट्टी आवडली नाही. "देव राखणार नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, "राखतो की, पण डायव्हरला दिसलो तर त्याला जरा सोपं पडेल." हसले, आणि लावून घेतली. पंढरीच्या नव्या पालखी मार्गाला चालण्यासाठी वेगळी वाट आहे, फार चांगलं झालं. पण आपल्या गावोगावच्या छोट्या दिंड्या त्या वाटेपर्यंत पोचायच्या आधी साध्या रस्त्यांवरून चालतात. तिथली काळजी त्या त्या दिंडीलाच घ्यावी लागणार.

आणि पोरांचं. आमच्याकडे जमिनीचा पैसा आला, तशा पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातात बुलेट आल्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने अपघात केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि 25,000 रुपये दंड आहे. मी हे कीर्तनाआधी दोन मिनिटं उभा राहून सांगितलं, तर एक जण म्हणाला, "बुवा, तुम्ही सांगू नका, तुमचंच प्रकरण ताजं आहे." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतो."

तो हमाल बरा झाला. थोडा लंगडतो. दुसऱ्या गोदामात हलकं काम करतो. एकादशीला कधी देवळाच्या पायरीशी येऊन बसतो, आत येत नाही, टाळ ऐकतो आणि जातो. आम्ही एकमेकांना रामराम करतो. त्यापुढे मला अजून काही बोलता आलेलं नाही.

परवा नातवाला मागे बसवून गाळ्यावरून निघालो. पावणेसात झाले होते. त्याच जागी तो म्हणाला, "आजोबा, इथूनच घ्या ना, समोर देऊळ दिसतंय." देऊळ दिसत होतं, खरं आहे. मी गाडी उलट्या दिशेला वळवली, पुढच्या कटपर्यंत गेलो, दोन कंटेनर जाऊ दिले आणि परत आलो. पोचलो तेव्हा हरिपाठ बराच पुढे गेला होता. चप्पल काढून मागच्या रांगेत बसलो, नातवाने कोपऱ्यातले टाळ आणून दिले.