परदेशी मैदान आणि गावची कूड

घर सोडून दूर जाणे ही गोष्ट आम्हां गोवेकरांस नवी नाही. आमचे आजे-पणजे आगबोटींवर गेले, मुंबईच्या बँडपथकांत वाजविण्यास गेले, आफ्रिकेत कारकुनी करण्यास गेले. पुढची पिढी आखातात गेली. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली, तेव्हापासून तर परदेशाची वाट आमच्या काजूच्या बागांवरूनच जाऊ लागली आहे. परंतु आजपर्यंत जो गेला तो बहुधा पोटासाठी गेला. मुलाने किंवा मुलीने खेळाच्या बळावर समुद्रापार शिकावयास जावे, ही कल्पना मात्र आमच्या घरांत अगदी अलीकडची आहे. तिच्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

त्यास कारणही तसेच घडले. आमची धाकटी बहीण डिचोलीस दिलेली आहे. तिची मुलगी उंच व चपळ असून शाळेच्या बास्केटबॉल संघातून खेळत असे. गेल्या उन्हाळ्यात, बारावीचा निकाल लागण्यापूर्वी, एक गृहस्थ त्यांच्या घरी आले. "ऑस्ट्रेलियातली कितीतरी मुले बास्केटबॉलच्या जोरावर अमेरिकेच्या कॉलेजांत शिकतात, तुमच्या मुलीलाही तशी शिष्यवृत्ती मिळवून देतो," असे सांगून त्यांनी रंगीत चित्रांचे पुस्तक पुढे ठेविले आणि दोन लाख रुपये आगाऊ मागितले. भावोजींचा खाणीवर ट्रक होता. २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरची मिळकत बेताचीच. तरीही लेकीच्या भवितव्यासाठी काजूची बाग गहाण ठेवावी, असे त्यांच्या मनात येऊ लागले. बहिणीने आम्हांस निरोप धाडला, "दादा, एकदा येऊन बघ. आमचे काही डोके चालत नाही."

आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि ऑस्ट्रेलियातील मुले खरोखर कशी जातात, हे जाणून घेण्यास बसलो. जे समजले ते आमच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

बास्केटबॉल हा खेळच मुळी शिक्षणसंस्थेत जन्मला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास टोपल्या टांगून तो सुरू केला. अमेरिकेत आजही महाविद्यालयीन खेळाचे प्रस्थ फार मोठे आहे. आपल्याकडे चांगला खेळाडू क्लबातून पुढे येतो. तिकडे तो पुष्कळदा कॉलेजातून येतो. म्हणून तेथील कॉलेजे उत्तम खेळाडूंस शिष्यवृत्ती देतात. ती पूर्ण असेल तर शिकवणीची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके हा सारा खर्च कॉलेज सोसते. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने संघासाठी खेळावयाचे, आणि अभ्यासातही ठरलेली पायरी राखावयाची. अभ्यासात मागे पडला तर खेळावयास मिळत नाही.

या वाटेने गेलेल्या ऑस्ट्रेलियनांत ल्यूक लाँगली याचे नाव आधी घ्यावे लागेल. पर्थचा हा उंच तरुण न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकला आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. पुढे अँड्र्यू बोगट हा यूटा विद्यापीठात गेला. त्याचे आईबाप क्रोएशियातून ऑस्ट्रेलियात येऊन वसलेले होते. २००५ साली व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा सर्वांत पहिले नाव त्याचे निघाले.

परंतु आमचे मन खरे रमले ते एका लहानशा कॉलेजच्या हकिकतीत. कॅलिफोर्नियातील मोरागा या गावी सेंट मेरीज नावाचे कॅथोलिक कॉलेज आहे. १८६३ साली स्थापन झालेली ही संस्था द ला साल यांच्या पंथातील धर्मबंधूंच्या परंपरेतील. तिचे क्रीडागृह साडेतीन हजारच माणसे बसतील एवढे. मोठमोठ्या विद्यापीठांपुढे अगदी धाकटे. २००१ साली तेथे रँडी बेनेट हे प्रशिक्षक आले. अमेरिकेतील नामांकित मुले अशा लहान कॉलेजात कशास येतील? तेव्हा त्यांची नजर ऑस्ट्रेलियाकडे वळली. डॅनियल किकर्ट हा सुरुवातीस आलेल्यांपैकी एक. त्याच्यामागून २००७ साली पॅटी मिल्स आला. त्याचा बाप टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचा आणि आई ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजाची. कॅनबेरा येथे आपल्या समाजाच्या मुलांसाठी या आईबापांनी एक बास्केटबॉल क्लब काढला होता. मग व्हिक्टोरिया प्रांतातील मेरीबरो या लहान गावाहून मॅथ्यू डेलावेडोवा आला, आणि काही वर्षांनी जॉक लँडेल. २००९-१० च्या हंगामात या एका संघात पाच ऑस्ट्रेलियन होते, आणि त्या वर्षी हे लहानसे कॉलेज साऱ्या अमेरिकेतील शेवटच्या सोळा संघांत जाऊन पोहोचले. पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांनी बास्केटबॉलमधील आपले पहिले पदक मिळविले, तेव्हा कांस्यपदकाच्या सामन्यात एकट्या मिल्सने ४२ गुण केले. त्या संघातील मिल्स, डेलावेडोवा व लँडेल हे तिघेही सेंट मेरीजचेच विद्यार्थी.

हे सारे वाचताना आम्हांस राहून राहून मुंबईच्या कुडींची आठवण होत होती. तरुण वाचकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो. धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या कुडी असत. काही आजही आहेत. बोटीवर चढण्याची वाट पाहणारा खलाशी असो की नोकरी धुंडाळणारा पोरगा असो, आपल्या गावच्या कुडीत त्याची पेटी ठेवावयास जागा मिळे, अंथरूण मिळे, संध्याकाळी वेदीपुढे सर्वांबरोबर रोझरी होई. कोणत्या कचेरीत कोणास भेटावे आणि कोणाच्या गोड बोलण्यास भुलू नये, हे आधी आलेला नव्याने आलेल्यास सांगे. अनोळखी शहरात पहिल्या रात्री गावच्या माणसाचा आवाज कानी पडला की निम्मी भीती पळते.

सेंट मेरीजमध्ये ऑस्ट्रेलियनांचे असेच काहीसे झाले नाही काय? आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याची वाट सोपी केली. प्रशिक्षकास त्या देशाच्या मुलांची पारख झाली, आणि तिकडच्या आईबापांस प्रशिक्षकाची. मुलगा कोठे राहतो, काय खातो, वर्गात जातो की नाही, हे विचारण्यास कोणीतरी ओळखीचे होते. जगाने गुण मोजले; आम्हांस मात्र या ओळखीचे मोल अधिक वाटले.

आपल्या गोव्याचेच उदाहरण पाहू. दिलीप सरदेसाई यांचा जन्म १९४० साली मडगावास झाला. त्या काळी गोव्यात क्रिकेटची म्हणावी तशी सोय नव्हती. १९५७ साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच, त्यांचे कुटुंब मुंबईस गेले. १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीस गोळीबार झाल्यापासून सरहद्दीवरील ये-जा किती कडक झाली होती, हे पेडण्याच्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. मुंबईत ते विल्सन कॉलेजात शिकले, विद्यापीठाच्या सामन्यांतून पुढे आले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये कानपुरास इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. त्याच महिन्याच्या १९ तारखेस गोवा मुक्त झाला! पुढे १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी ६४२ धावा काढल्या, त्या तर इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. त्यांनाही कॉलेजचे मैदान दूरच्या शहरात मिळाले. पण पाठीशी घर होते. अलीकडच्या मराठी मुलींपैकी ऋतुजा भोसले ही टेनिसपटू अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि २०२३ साली हांगझो येथील आशियाई स्पर्धांत रोहन बोपण्णा यांच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ही वाट आपल्या मुलींस बंद आहे असे कोणी समजू नये.

आठ दिवसांनी आम्ही डिचोलीस गेलो. ते गृहस्थही आले होते. आम्ही त्यांस एवढेच विचारले, "कोणत्या कॉलेजच्या कोणत्या प्रशिक्षकाने आमच्या मुलीचा खेळ पाहिला आहे? त्यांचे पत्र आहे काय?" पत्र नव्हते. पैसे भरल्यावर पत्रे येऊ लागतील, असे ते म्हणाले. भावोजींनी शांतपणे सांगितले की, आधी पत्र येऊ द्या, मग पैशांचे बोलू. गृहस्थ चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नाहीत.

मुलीचा चेहरा मात्र उतरला. "मामा, म्हणजे मी जाऊच नको का?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर देणे गृहस्थांस वाटेस लावण्याइतके सोपे नव्हते. आम्ही म्हणालो, "जा, बाय. पण बाग गहाण ठेवून नव्हे, आणि एकटी नव्हे." मग तिला जॉर्जिया अमूर हिची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातील बॅलराट या गावची ही मुलगी साडेपाच फूटच उंच. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेली आणि २०२३ साली आपल्या संघास अमेरिकेतील शेवटच्या चारांत घेऊन गेली. त्याबरोबरच हेही सांगितले की, जो इंगल्स हा ऑस्ट्रेलियाचा नामांकित खेळाडू अमेरिकेच्या कॉलेजात कधी गेलाच नाही. तो आधी आपल्या देशात व मग युरोपात खेळला, आणि त्यानंतर एन.बी.ए.त पोहोचला. टोकियोच्या त्या पदकविजेत्या संघात तोही होता.

आज ती गोव्यातच कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. तिच्या शिक्षकांनी तिच्या सामन्यांची चित्रफीत काढून दिली, आणि तिने स्वतः परदेशातील सात प्रशिक्षकांस पत्रे लिहिली. दोघांची उत्तरे आली. शिष्यवृत्ती अजून कोणी देऊ केलेली नाही. मिळेल की नाही हे सांगता येत नाही. बहिणीला अजून रात्री झोप लागत नाही. कारण मुलगी गेली तर ती दूर जाईल, आणि न गेली तर तिचे मन मोडेल. आईचे हे दुखणे कोणत्याही शिष्यवृत्तीने बरे होणारे नाही.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आज ना उद्या उभा राहील, त्यांस आम्ही हे सांगू इच्छितो. खरी शिष्यवृत्ती कॉलेज देते आणि त्याचे पत्र कॉलेजकडूनच येते. मध्यस्थाच्या तोंडी वचनास किंमत नाही. पत्र आले तर ते नीट वाचावे. शिष्यवृत्ती एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची? पाय मोडला तर पुढे काय? विमानाचे भाडे व आजारपणाचा खर्च कोण देणार? २०२१ पासून तेथील कॉलेज-खेळाडूंस आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांस पैसे देऊ लागली, हे खरे. परंतु विद्यार्थी म्हणून परदेशाहून गेलेल्यांच्या कमाईवर तेथील कायद्याची कडक बंधने आहेत. तेव्हा मुलगी तिकडून घरी पैसे धाडील, अशा हिशेबाने कोणी कर्ज काढू नये. आणि जे जातात त्यांतले फारच थोडे व्यावसायिक खेळाडू होतात. उरलेल्यांच्या हाती चार वर्षांनी पदवी राहते. म्हणून कॉलेज निवडताना त्याचा संघ पाहावाच, पण तेथे आपले मूल काय शिकणार हे त्याआधी पाहावे.

आणि एक गोष्ट आपणां सर्वांची आहे. पेडणे व डिचोली या तालुक्यांत आपली घरे विखुरलेली व थोडी. एकेका कुटुंबास इतक्या दूरची चौकशी झेपत नाही. पण प्रत्येक पॅरिशमध्ये कोणी ना कोणी परदेशी राहून आलेला असतो, कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणाचा चुलत भाऊ अमेरिकेत किंवा कॅनडात असतो. रविवारी मिस्सा झाल्यावर अंगणात उभे राहून आपण पावसाच्या व काजूच्या भावाच्या गोष्टी करतो. तेथेच अशा मुलांचे अर्ज वाचून पाहावयास, इंग्रजी पत्र सुधारून द्यावयास, तिकडील ओळखीच्या घराचा पत्ता द्यावयास काय हरकत आहे? आपल्या वाडवडिलांनी महिन्याची वर्गणी काढून मुंबईत भाड्याच्या खोल्यांत कुडी उभ्या केल्या. आपणांस तर नुसता वेळ द्यावयाचा आहे.

जे मूल जाईल त्यास निरोप द्यावा. आणि जे चार वर्षांनी पदकावाचून परत येईल, त्यास "का आलास?" असे विचारू नये. जेवावयास वाढावे, आणि तेथे काय शिकला ते ऐकून घ्यावे.