काळ्या रंगाचे छायाचित्र

'फोटोग्राफी' या शब्दाची फोड केली तर 'प्रकाशलेखन' असा अर्थ निघतो. मराठीने मात्र 'छायाचित्र' हा शब्द रूढ केला, आणि एकाच कृतीला एका भाषेने उजेडाचे तर दुसरीने सावलीचे नाव द्यावे याची आम्हाला पूर्वी गंमत वाटत असे. रात्रीच्या अंधारात मोटारींची चित्रे घेऊ लागल्यापासून मराठी शब्दच अधिक नेमका वाटू लागला आहे. छाया म्हणजे केवळ सावली नव्हे. संस्कृतात प्रतिबिंबालाही छाया म्हणतात आणि कांतीलाही. मोटारीच्या रंगावर या दोन्ही गोष्टी एकच असतात.

हे थोडे उलगडून सांगायला हवे. भिंतीवर टॉर्च मारला की भिंत उजळते. चकाकत्या रंगाच्या मोटारीवर टॉर्च मारला की मोटार उजळत नाही, टॉर्चच दिसतो: पत्र्यात अडकलेला एक पांढरा ठिपका. मोटारीचा पत्रा हा वाकवलेला आरसा आहे. त्याचा आकार दाखवायचा तर त्याच्यासमोर लांबलचक उजेड धरावा लागतो. जाहिरातीची छायाचित्रे घेणारे त्यासाठी स्टुडिओत मोटारीच्या डोक्यावर मोटारीहून मोठा दिवा टांगतात. ज्यांना तो परवडत नाही ते अंधार शोधतात, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवतात, शटर अर्धा मिनिट उघडे ठेवतात आणि काळे कपडे घालून, हातात दिव्याची नळी घेऊन मोटारीभोवती चालतात. चालणारा माणूस स्वतः उजेडात येत नाही, थांबतही नाही. म्हणून चित्रात उमटत नाही. उमटते ती त्याच्या चालीची रेघ. हात थरथरला तर टपावरची रेघ थरथरते. नळी कॅमेऱ्याकडे वळू द्यायची नाही; तिच्या मागच्या बाजूला काळा पुठ्ठा बांधलेला बरा. कामाला माणसे दोन लागतात, एक शटरपाशी आणि एक दिव्यापाशी. या लेखातील 'आम्ही' हे संपादकीय नसून खरोखरीचे अनेकवचन आहे.

या तंत्राचा इतिहास कलावंतांपासून सांगण्याची पद्धत आहे. मॅन रे याने १९३५ साली कॅमेऱ्यासमोर दिवा फिरवून हवेत रेघोट्या काढल्या; १९४९ मध्ये पिकासोने टॉर्चने हवेत चित्रे काढली आणि ग्योन मिली याने ती टिपली. ही चित्रे सुंदर आहेत यात वाद नाही. पण आम्हाला त्याआधीचा एक प्रसंग अधिक बोचतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधून, शटर उघडे ठेवून त्यांच्या हालचालींची चित्रे घेत होते. उद्देश असा, की कामातली वायफळ हालचाल कोणती ते कळावे आणि ती काढून टाकता यावी. चित्रात कामगार धूसर होई, उरे ती त्याच्या हाताची झळाळती वाट. म्हणजे आज जिला आपण हौस म्हणतो ती रेघ एकेकाळी श्रमाचे मोजमाप होती.

हे सारे मनात असतानाच २०२३ साली आम्ही एका पद्मिनीचे चित्र घ्यायला गेलो. मुंबईच्या वाचकाला पद्मिनी म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. फियाटची ११०० डिलाइट १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, आणि काळे अंग व पिवळा टप घेऊन ती शहराची टॅक्सी झाली. उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमच्या चित्रातली गाडी ती नव्हे. हिचा परवाना काही महिने आधीच संपला होता आणि ती शिवडीकडे एका गोदामाच्या भिंतीआड भंगारवाल्याची वाट पाहत उभी होती. मालक तोच चालक. वय सत्तरीच्या आसपास. आम्ही त्यांना काका म्हणत होतो.

रात्र सर्वपित्री अमावास्येची निवडली, ती केवळ चंद्र नको म्हणून. काका मात्र म्हणाले, "बरा दिवस काढलात." पुढे काही बोलले नाहीत.

अमावास्या असूनही मुंबईत अंधार मिळत नाही. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ शटर उघडे ठेवले की आकाश राखाडी होते आणि कुठल्यातरी दूरच्या दिव्याची तिरीप काचेवर येऊन बसते. म्हणून एका दमात पूर्ण चित्र न घेता तुकडे घ्यायचे: एकात टप, एकात बॉनेट, एकात चाके, एकात केवळ सेकंदभर लावलेले पुढचे दिवे. नंतर संगणकावर हे थर एकावर एक ठेवून प्रत्येक जागी सर्वांत उजळ भाग तेवढा राखायचा. काळ्या रंगावर हे काम जितके अवघड तितकेच समाधानाचे. काळ्याला स्वतःचे असे काही नसते. नळी नेली तेवढाच तो असतो. पद्मिनीचे मागचे मडगार्ड शेपटाशी जरासे टोकदार होते, तिथे रेघ वर उचलली जाऊन एकदम तुटते. ते आम्ही सहा वेळा घेतले, गरज नसताना.

वाद निघाला तो डाव्या मागच्या दारावरून. तिथे हातभर पोचा होता. नळी सरळ नेली की नेमकी तिथे रेघ मोडत होती. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, दाराचा खालचा भाग अंधारातच ठेवावा. या तंत्रात ज्यावर उजेड टाकला नाही ते नसतेच, मग खोटे बोलल्याचा दोषही येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, असा पोचा नसलेली मोटार हवी असेल तर जाहिराती पुष्कळ आहेत. वाद मिटला नसता. काका उठून जवळ आले आणि म्हणाले, "अहो, तो येऊ द्या. पोरगा गाडी शिकताना त्यानंच घातलाय. दोनदा डेंटिंगवाल्याकडं नेली, पण तेवढा राहू दिला." मग आम्ही नळी सोडून साधा टॉर्च घेतला आणि दाराच्या अगदी कडेने, पत्र्याला जवळजवळ घासून उजेड सोडला. असा आडवा उजेड पडला की पत्र्यातली प्रत्येक खळी बोलू लागते. पोचा दिसलाच, पण त्याबरोबर वर्षानुवर्षांच्या फडक्याचे गोल गोल ओरखडेही दिसले. ते आम्हांलाच काय, काकांनाही ठाऊक नव्हते.

पडद्यावर तात्पुरती चित्रे पाहताना काकांनी विचारले, "मी कुठाय?" ते सबंध वेळ चालकाच्या जागेवर बसून होते, अधूनमधून उतरत होते. आम्ही त्यांच्यावर उजेड टाकलाच नव्हता. टाकायचा विचारही केला नव्हता, कारण विषय मोटार होता! अमेरिकेचा ओ. विन्स्टन लिंक १९५५ ते १९६० या काळात मावळत्या वाफेच्या गाड्यांची रात्रीची चित्रे घेत हिंडला. त्या चित्रांत इंजिनाइतकीच माणसे आहेत. लिंक फ्लॅशच्या दिव्यांनी धावती गाडी क्षणात गोठवत होता. आमची गाडी उभी होती आणि माणूस तेवढा हलणारा होता.

शेवटचा तुकडा त्यासाठी घेतला. काकांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. टॉर्च डॅशबोर्डाच्या खालून, कागदातून गाळून, चार सेकंद. हलू नका म्हटल्यावर माणूस हलतोच. चेहरा फिसकटला आहे, एक कान दोनदा आला आहे. हात मात्र स्वच्छ आले आहेत, एक चाकावर आणि एक चाकाखालच्या गिअरच्या दांड्यावर. तो तिकडे केव्हा गेला ते आमच्या लक्षात आले नाही, त्यांच्याही नाही.

आम्ही त्यांना दोन प्रती नेऊन दिल्या. एकीत मोटार तिच्या साऱ्या रेषांसह आहे, दुसरीत हे हात. मोटारीची प्रत त्यांनी मुलाकडे पाठवली. दुसरीकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, की उजव्या हाताच्या बोटाला जी चकाकी आहे ती अंगठीची की दिव्याची. अंगठी ते घालत नाहीत. आम्ही मूळ तुकडा काढून पाहिला. ती पुढच्या काचेतून आलेली तिरीप होती, रस्त्यापलीकडच्या कुठल्यातरी दिव्याची.