तिवई डगमगत नाही, पण कलंडते



आधी एक कबुली देते. मागच्या वर्षी पालकसंपर्काच्या नोंदवहीत तिसरीतल्या एका मुलीच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'पालक सभेस येत नाहीत. सहकार्य कमी.' तिचे वडील शिवणकाम करतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या दोन्ही पायांत बळ नाही. पण त्यांना शिबिरातून बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल मिळालेली आहे, आणि आमच्या शाळेला रॅम्पही आहे. मग यायला अडचण काय, असं मला खरंच वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गृहभेटीला गेले. आमची शाळा माणदेशातली. वस्तीपासून दीड किलोमीटर मुरमाड रस्ता, मध्ये ओढा. मी सहज म्हटलं, "दादा, गाडी आहे तर सभेला येत जा ना." ते हसले. म्हणाले, "मॅडम, एकदा तुम्हीच बसून बघा. ओढ्यापर्यंत जाऊन या." त्यांचा भाऊ सोबत चालू लागला.

मी रोज स्कूटी चालवते, त्यामुळे भीती वाटली नाही. पण पन्नास पावलांतच कळलं, हे प्रकरण वेगळं आहे. सायकलला जायला एकच वाट लागते, खड्डा चुकवता येतो. तीनचाकीला तीन वाटा लागतात. पुढचं चाक खड्ड्यातून वाचवलं, की मागचं एखादं हमखास त्यात जातं. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीची रुंदी तिला जुळत नाही. एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर. सगळी गाडी तिरकी, आणि आपण जीव मुठीत धरून उलट्या बाजूला झुकलेले.

ओढ्याकडे उतार आहे आणि उतारावरच वळण. स्कूटी वळताना आपल्याबरोबर आत झुकते. तीनचाकी झुकत नाही. ती वळते आणि आपलं अंग बाहेर फेकलं जातं. मी सवयीने वळता वळताच ब्रेक दाबला. आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं! मी झटकन पाय टेकवला, भावाने मागून गाडी धरली आणि मी वाचले.

तिथेच थांबले. घाम पुसला. आणि मग डोक्यात आलं, मी पाय टेकवला म्हणून वाचले. दादांना तो पाय टेकवता येत नाही.

परत येताना चढ. या गाडीची मोटर पुढच्या चाकात आहे. चढावर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि सैल मुरमावर नुसतं गरगर फिरत राहतं. भाऊ ओरडला, "पुढं वाका, मॅडम! वजन द्या त्याच्यावर!" पुढे वाकले, मूठ हळूहळू पिळली, तेव्हा कुठे गाडी हलली. घरी पोचले तर दादा एवढंच म्हणाले, "मी गाडी चालवत नाही मॅडम, सांभाळतो."

ती नोंद मी त्याच रात्री बदलली.

दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथीच्या वर्गात हाच पाठ घेतला. पुठ्ठ्याचा त्रिकोण, तीन झाकणांची चाकं, वर मातीचा गोळा. मधोमध दोरा बांधून खाली खडा लोंबता सोडला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. मुलांना तिवई माहीत असते. तीन पाय असले की जमीन कशीही असो, तिन्ही पाय टेकतात. तिवई डगमगत नाही. पण डगमगत नाही म्हणजे कलंडत नाही, असं नाही! पुठ्ठा तिरपा करत गेलो. दोरा तीन चाकांच्या त्रिकोणाबाहेर गेला, की गाडी पडली. मातीचा गोळा उंच ठेवला तर लवकर पडली, खाली ठेवला तर उशिरा. त्रिकोण पुढच्या बाजूला निमुळता असतो, आणि ब्रेक दाबला की भार तिकडेच धावतो. त्यात वळण आलं की संपलं. हे कुणी सांगावं? त्या मुलीने. "म्हणून पप्पा वळायच्या आधीच ब्रेक लावतात, आणि माझं दप्तर सीटखाली ठेवतात."

हे फक्त आमच्या ओढ्याचं नाही. अमेरिकेत 1970 पासून फुगीर टायरांच्या तीनचाकी इंजिनगाड्या रानावनात मौजेने फिरवल्या जायच्या. कलंडून इतके अपघात झाले, की 1988 मध्ये त्यांची नवी विक्री थांबवली गेली आणि चारचाकी गाड्यांनी त्यांची जागा घेतली. तिथे निदान लोक हौस म्हणून रानात जात होते. आमच्या दादांना मुलीच्या शाळेत यायचं होतं.

मग आम्ही मोजमाप केलं. रॅम्पसाठी नियम असा, की एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी. शाळेचा रॅम्प बरोबर तसाच आहे. पाण्याने भरलेली नळी धरून मुलांनी ओढ्याचा चढ मोजला. बारा फुटांत दोन फूट! म्हणजे दाराशी नियम पाळलेला, आणि दारापर्यंतची वाट दुप्पट चढाची.

शाळा व्यवस्थापन समितीत मुलांचा तक्ता ठेवला. श्रमदानातून वळणावरच्या चाकोऱ्या भरल्या आणि मुरूम दाबून घेतला. ओढ्याचा चढ मात्र अजून तसाच आहे, अर्ज दिलाय. तोवर वर्षातल्या दोन पालकसभा आम्ही वस्तीवरच्या मंदिरात घेतो. पहिल्या सभेला दादा सगळ्यांच्या आधी हजर होते. मुलीची वही मागून घेतली, पान न् पान पाहिलं.

तुमच्याही नोंदवहीत 'पालक येत नाहीत' असं एखादं नाव असेल. शेरा लिहिण्याआधी त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा जाऊन बघा. जमलं तर त्यांच्याच गाडीवरून.