पाण्याच्या मर्जीतली बेटं

बेट म्हटलं की आपल्या माणसाला अंदमान दिसतं. हल्ली मालदीव, बालीसुद्धा. निळं पाणी, नारळी आणि विमानाचं तिकीट. दख्खनच्या पठारावर बेटं असतात हे आपण जमेतच धरत नाही. खरं तर गोदावरी दरवर्षी बेटं घडवते आणि दरवर्षी मोडते. ज्याला हा उद्योग जवळून बघायचा असेल, त्याने तेलंगणातल्या बासरला जावं.

मनमाड-नांदेडकडून निघालेली रेल्वे धर्माबादची मिरची मागे टाकून बासरला येते. स्टेशनवरच्या पाटीची लिपी बदललेली दिसते, पण चहावाल्याची मराठी तशीच असते. यात नवल काही नाही. 1956 पर्यंत हा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच होता. त्या वर्षी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मुधोळ आदिलाबादेत गेला. 2016 मध्ये आदिलाबादचेही तुकडे पडून बासर निर्मल जिल्ह्यात आलं. गाव होतं तिथेच आहे, जिल्हे मात्र त्याच्यावरून वाहून गेले.

देवळात ज्ञानसरस्वती आहे, हळदीने माखलेली. शेजारी लक्ष्मी, वरच्या बाजूला महाकाली. पण खरा सोहळा असतो अक्षराभ्यासाचा. तीन-चार वर्षांची पोरं नव्या कपड्यांत अवघडून बापाच्या मांडीवर बसलेली, पुढ्यात पाटी, बोटांवर भटजींचा हात. वसंत पंचमीला तर पाय ठेवायला जागा नसते. नांदेड, परभणी, लातूरकडची माणसंही पोरं घेऊन येतात. अर्धी पोरं रडतात. विद्येची सुरुवात रडण्याने होते, हे मला तरी अगदी खरं वाटतं.

इथली कथा व्यासांची आहे. कुरुक्षेत्राचा संहार पाहून उद्विग्न झालेले व्यास शांतता शोधत दक्षिणेत आले, गोदेकाठी राहिले. रोज स्नान करून येताना तीन मुठी वाळू आणायचे आणि तीन ठिकाणी ठेवायचे. त्या वाळूच्या तीन देवी झाल्या. मला या कथेतली वाळू आवडते. व्यासांचा जन्मच मुळी यमुनेतल्या बेटावर झाला: सत्यवतीची होडी, पराशरांनी पसरलेलं धुकं आणि नदीच्या मधोमध जन्मलेलं काळंसावळं पोर. अशा माणसाने देवी घडवायला डोंगराचा दगड न घेता नदीने आणून टाकलेली वाळू उचलावी, हे कथा रचणाऱ्याला बरोबर सुचलं.

मराठी भाविकाला बासर आणखी एका वाटेने ठाऊक असतं. गुरुचरित्रातलं वासर म्हणजे हेच, असं दत्तभक्त मानतात. तेराव्या अध्यायात पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण पोटाला धोंडा बांधून गोदेत उतरतो, आणि नृसिंहसरस्वती शिष्यांना धाडून त्याला काठावर आणवतात. औषध काय देतात, तर सायंदेव नावाच्या भक्ताच्या घरचं भरपेट गोडधोड जेवण! कोणताही वैद्य कपाळाला हात लावेल. त्याच ग्रंथात एक अस्सल बेटही आहे: कृष्णेतलं कुरवपूर, श्रीपाद श्रीवल्लभांचं. रायचूरजवळच्या त्या बेटावर मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या गोल नावेत गरगरत गेली आहेत. पूर आला की तिकडची वाट बंद. बेटाची यात्रा ही नदीच्या परवानगीने करायची असते, हे त्या लोकांना सांगावं लागत नसे.

बासरच्या थोडं वर, पलीकडच्या काठाला, कंदकुर्ती आहे. रा. स्व. संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांचे पूर्वज या गावचे. इथे मांजरा गोदेला मिळते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवलेली ही नदी लातूर, बीदर, मेदक असा मोठा वळसा घालते, मग तोंड फिरवून उत्तरेला येते आणि सव्वासातशे किलोमीटर चालून गोदेच्या कुशीत शिरते. तिसरी हरिद्रा, म्हणून हा त्रिवेणी संगम. आणि पात्रात आहे जुनं दगडी शिवालय. पाणी ओसरलं की ते वर येतं, लोक जाऊन पूजा करतात. पाणी चढलं की महादेव खाली.

संगमावरच्या नावाड्याला मी विचारलं, देऊळ कधी दिसेल? त्याने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘गेटवाल्यांना इचारा दादा,’’ म्हणाला.

थट्टा वाटली तरी उत्तर चोख होतं. खाली पोचमपाडला 1963 च्या जुलैत पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली, तेच आजचं श्रीरामसागर. 1091 फुटांपर्यंत भरलं की त्याचा फुगवटा बासर ओलांडून कंदकुर्तीपर्यंत चढतो. वर धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधला: चौदा दरवाजे, पावणेतीन टीएमसीच्या आत-बाहेर पाणी. पण बांधला तो श्रीरामसागरच्याच पाणपसाऱ्यात, म्हणून आंध्र प्रदेशाशी भांडण पेटलं. 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदार-खासदारांसह बंधारा बघायला निघाले, तर त्यांना धर्माबादेत स्थानबद्ध करून ठेवलं. अखेर 28 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, मात्र 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर राहतील आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं.

म्हणजे गोदेच्या या पट्ट्यातल्या बेटांचं पंचांग दिल्लीत लिहिलं गेलं आहे. मला यात खंत करावीशी वाटत नाही. पूर्वी ते पावसाच्या एकट्याच्या हातात होतं, आता पाऊस, दोन राज्यं आणि एक न्यायालय मिळून बघतात एवढंच.

हिवाळा सरत आला की फुगवटा मागे हटतो आणि बेटं उगवायला लागतात. आधी पाठीएवढी वाळू, मग त्यावर बगळे, मग माणसं. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. निझामाबादच्या बाजूला मागे हटलेल्या पाण्याकाठच्या कुरणांवर काळविटांचे कळप चरतात. पठारावर समुद्रकिनारा सापडल्याच्या आनंदात पोरं तिथे मोबाइल घेऊन धावतात. ज्या गाळावर ती उभी असतात तो बराचसा आपल्या मराठवाड्याचा. श्रीरामसागर मुळात 112 टीएमसीचं. गाळाने त्याची कूस भरत चालली. काळी माती मुधोळ तालुक्यासारखीच सीमेपलीकडे गेली, फक्त तिच्यासाठी कुणी आयोग नेमला नाही.

गुरू सिंह राशीत आला की नाशकात सिंहस्थ आणि इकडे गोदास्नानाचं पुष्कर. 2015 च्या जुलैत, 14 ते 25 तारखांना, बासर-कंदकुर्तीला माणसांचा पूर होता आणि नदीत पाणीच फार कमी. मराठवाड्यातही तेव्हा दुष्काळ होता, दरवाजे उघडे असूनही येणार काय? पुढचं पुष्कर 2027 चं. जायचं असेल तर मुहूर्त विचाराच, पण आधी पाऊस बघा, बाभळीच्या दरवाजांची बातमी बघा आणि श्रीरामसागरची पातळी. पाणी असेल तर स्नान होईल. नसेल तर देवळापर्यंत चालत जाता येईल.