तिचा काही नेम नाही

पहिली तबकडी गेली आणि मी चाप ओढलाच नाही. बंदूक खांद्याला लागलेली होती, गाल दस्त्याला टेकलेला होता, ‘पुल’ म्हणून मीच ओरडले होते. समोरून ती नारिंगी वाटी सुटली, उजवीकडं गेली, खाली उतरली, गवतात पडली, फुटलीसुद्धा नाही. माझं बोट आपलं वाट बघत बसलेलं. मागं उभे असलेले सुभेदार म्हणाले, “ताई, ती काय एष्टी हाय व्हय, थांब्यावर थांबायला?”

मी खरोखरच ती थांबायची वाट बघत होते.

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रायफल रेंजवर ज्यांची कॉलेजची वर्षं गेली त्यांच्या अंगात थांबणं मुरलेलं असतं. रायफलची सगळी विद्याच थांबण्याची. कॅनव्हास नि चामड्याचं ताठ जाकीट घालायचं, पट्ट्यानं डावा दंड आवळायचा, पालथं पडायचं, अर्धा श्वास सोडून उरलेला धरायचा आणि चाप इतका हळू दाबायचा, की बार कधी होणार ते आपल्यालाही कळू नये. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे काबुली चण्याएवढा. दहा मीटरच्या एअर रायफलचा दहा तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तो दिसत नाही. आहे असं मानून मारायचं, देवाला हात जोडतो तसं. २०१० च्या ऑगस्टमध्ये आमच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला पालथं पडून मारायच्या ह्याच प्रकारात ६०० पैकी ५९७ केले आणि ती जगज्जेती झाली. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. ते तीन गुण कुठं गेले असतील ह्यावर आम्ही महिनाभर बोलत होतो. कोल्हापूरच्या नेमबाजांचं हे असं असतं.

मग चाळिशी ओलांडल्यावर, शाळेत मुलांना भूमिती शिकवत असताना, मला छऱ्यांची बंदूक घ्यायची बुद्धी कशी झाली? तारीख सांगता येते. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं शातोरूच्या रेंजवर ४५१.४ गुण करून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळालं. सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं, मीही होते. चार दिवसांनी त्याच शातोरूला महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका ही जोडी उडत्या तबकड्या फोडायच्या स्कीटच्या कांस्यपदकासाठी चीनशी खेळली आणि ४३ विरुद्ध ४४ अशी हरली. एका तबकडीनं. आमच्या गल्लीत त्याची चर्चा झाली नाही. मी मात्र रात्री पुन्हा पुन्हा ते चित्रण बघत होते, कारण मला काही केल्या कळत नव्हतं, की ही माणसं नेम धरतात तरी कधी?

घरात बंदूक नवी नव्हती. आण्णांकडं आजोबांच्या वेळची बाराबोअर दुनळी आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिनं डुकरं किती पळवली ठाऊक नाही, पण दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, हे मी लहानपणापासून बघते आहे. तेलपाणी मात्र दसऱ्याला न चुकता. झेंडू वाहायच्या आधी आण्णा ती उघडून नळीतून उजेडाकडं बघतात आणि “स्वच्छ हाय” म्हणतात. वर्षातून एवढंच तिचं काम.

माझ्या नव्या खेळाचं नाव ऐकून आण्णा हसले होते. “मातीचं कबूतर? खरी काय संपली का?”

खरं तर नावात कबूतर आहे ते खऱ्या कबुतरांमुळंच. पूर्वी जिवंत पक्षी पेटीतून सोडून त्यांच्यावर पैजा लावत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही हा प्रकार झाला. बेल्जियमच्या लेऑन द लुंदेननं एकवीस पाडून तो जिंकला. त्याच्याही आधी, १८८० मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीची भाजलेली तबकडी काढली होती. आज तीत मातीही नाही. डांबराचा राळेसारखा घट्ट भाग आणि चुनखडीची पूड. ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजन. म्हणजे माती गेली, कबूतर गेलं, नाव तेवढं राहिलं.

आमच्याकडं बंदुकीची वाट शिकारीतूनच आली. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरं काचेमागून बघतात, ती लहानपणी बघून मी रात्री झोपले नव्हते. दाजीपूरचं जंगल राजांचं शिकारीचं राखीव रान होतं, तेच १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. देशभर तेच घडलं. बिकानेरचे महाराज करणी सिंग शिकारीच्या घराण्यातले, पण नाव झालं ते १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत माझ्याच ह्या प्रकाराचं, ट्रॅपचं, रौप्य घेतल्यावर. पाच ऑलिंपिक खेळले ते. दिल्लीत तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची, आणि गेल्या फेब्रुवारीत मी तिथंच एका खुल्या स्पर्धेला गेले. त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष सुट्टीसुट्टीला पुण्यापलीकडच्या एका खासगी मैदानावर गेलं. तिथं गडहिंग्लजकडचे एक निवृत्त सुभेदार शिकवायचे.

सुभेदारांची पहिली अडचण अशी, की मी शिकलेली होते. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं, माझी पाटी आधी पुसायची होती. रायफलमध्ये नजर पुढच्या कड्यावर, लक्ष्य जरा धूसर. इथं उलटं, नळीकडं बघायचंच नाही. नळीच्या टोकावरच्या मण्याकडं नजर गेली, की बंदूक थबकते आणि तबकडी गेली. रायफलमध्ये चाप दाबतात, इथं ओढतात. रायफलमध्ये बार झाल्यावरही जिथल्या तिथं पडून राहायचं, इथं बार झाल्यावरही हात चालता ठेवायचा. शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं. गोळी सुटली की माझं अंग गोठायचं, आणि गोठायचं ते सुटण्याच्या किंचित आधीच.

छर्रे काडतुसातून सुटताना सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगानं निघतात, पण हलके असल्यानं लवकर दमतात. तबकडीपर्यंत पोचायला त्यांना सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात तबकडी दोन-तीन मीटर पुढं गेलेली असते. म्हणजे जिथं ती आहे तिथं मारलं, तर चुकलं. जिथं अजून काहीच नाही तिथं मारायचं. किती पुढं? हा प्रश्न मी भूमितीच्या बाईच्या थाटात विचारला. कोन काढले, वहीत आकृत्या काढल्या. सुभेदारांनी वही बघितली, मान हलवली आणि परत दिली.

“गगनबावड्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली ओव्हरटेक करता न्हवं तुम्ही?”

“करते.”

“मोजून करता?”

त्या रस्त्यावर हंगामात ज्यानं गाडी चालवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. दोन डब्यांची ट्रॉली, वरून लोंबणारा ऊस, समोरून येणारी दुसरी ट्रॉली. आपण मागून येतो, तिचा वेग आपल्या अंगात घेतो आणि मग जरा जास्तीचा पाय देतो. ट्रॉलीच्या तोंडापाशी आल्यावर पाय काढला, की मेलो. बंदुकीचंही तेच. नळी तबकडीच्या मागून येते, तिच्यातून जाते, पुढं निघते, आणि निघता निघता बार होतो. मी दर वेळी ट्रॉलीच्या तोंडापाशी पाय काढत होते. हे समजलं त्या दिवशी सलग चार फुटल्या. पाचवीला मी मुद्दाम तसंच करायला गेले आणि चुकली. इथं ‘मुद्दाम’ चालत नाही.

आपल्या भाषेत ‘नेम’ शब्दाला दोन तोंडं आहेत. नेम धरतो तो एक, आणि ‘त्याचा काही नेम नाही’ म्हणतो तो दुसरा. रायफलमध्ये मी पहिल्या नेमावर जगले. ट्रॅपमध्ये दुसरा. समोरच्या खंदकात पंधरा यंत्रं लपलेली असतात, आपल्यापासून पंधरा मीटरवर. नेमबाज उभा राहतो त्या प्रत्येक ठाण्याच्या पुढं तीन. आपण आवाज दिला की तिघांपैकी एक फेकतं. कुठलं, ते आधी कळत नाही. पंचवीसच्या फेरीत दहा डावीकडं, दहा उजवीकडं, पाच मधून जाणार, एवढंच ठरलेलं. हिशेबी माणूस इथं फसतो. एका ठाण्यावर दोन उजव्या येऊन गेल्या, म्हणून तो डावीची तयारी करून उभा राहतो, आणि मोजण्यात एक चूक झाली की मधली येते. मी गणितवाली, मी मोजायचेच. ते सोडायला स्पर्धेचा अर्धा दिवस गेला.

स्पर्धेच्या सकाळी दिल्लीत थंडी होती. अरवलीचे लाल-करडे दगड, विलायती किकरचं काटेरी रान, कुठूनतरी मोराचा आवाज. सहा जणांची तुकडी, पाच ठाणी; सहावा पहिल्या ठाण्यामागं थांबतो. एकानं मारलं की दुसरा, असं ओळीनं, मग प्रत्येकजण एक ठाणं उजवीकडं सरकतो. दोन बारांमध्ये मिनिटभर तरी जातं. बंदूक उघडी, काडतुसं दोन, कानात बोळे. ट्रॅपची खरी परीक्षा ह्या मिनिटात असते. बाकीचे कसं मारतात ते बघितलं तर त्यांची लय अंगात शिरते. नाही बघितलं तर शाळेतल्या तपासायच्या राहिलेल्या वह्या आठवतात. शेवटी मी पुढच्या माणसाच्या बुटांकडं बघायचं ठरवलं.

हाक प्रत्येकाची वेगळी. कुणी ‘पुल’, कुणी नुसतं ‘हप्’, शेजारचे पंजाबी काका तर खोकल्यासारखं काहीतरी करत. माइक आवाज पकडतो आणि यंत्र सुटतं. माझा आवाज पहिल्या फेरीत वर्गात हजेरी घेतल्यासारखा येत होता, आणि हजेरी घेणारीची बंदूक हजेरीच घेते. पंधरा फुटल्या, दहा गेल्या. एका तबकडीला दोन बार मारता येतात, पण माझा दुसरा बार म्हणजे पहिल्याची माफी मागितल्यासारखा. उगाच, उशिरा.

दुसऱ्या फेरीत सतरा. एवढ्याचं सांगण्यासारखं काही नाही. ऊन डोळ्यांवर आलं, चष्म्याची काच बदलली, खांदा दुखायला लागला.

तिसऱ्या फेरीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक त्याला एकाग्रता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एकाग्रता मला रायफलमध्ये माहीत होती. ती टोकदार असते, जग गाळून टाकते. इथं उलट सगळं आत येत होतं, काटेरी रान, खंदकाची कड, पंजाबी काकांचा खोकला, आणि त्या सगळ्यातून नारिंगी रेघ निघाली की हात तिच्यामागं जात होते. डाव्या कोनातली एक तर अशी फुटली की आकाशात नुसता काळा बुक्का उधळल्यासारखा. मागून कुणीतरी ‘वाह’ म्हणालं. चोविसावीपर्यंत एकोणीस झाल्या होत्या.

पंचविसावी मधून आली, सरळ आणि उंच. सोपी समजतात, पण दूर जाणारी सरळ तबकडी पातळ दिसते, नुसती कड. मी ओढला. तबकडीतून धूळ उडाली. मी स्पष्ट बघितली, करडी, बारीक, वाऱ्यानं डावीकडं गेलेली. आणि तबकडी तशीच पुढं निघाली. दुसरा बार मारायचं मला सुचलंच नाही, कारण मी ती धूळ बघत थांबले. थांबले!

पंच म्हणाले, “लॉस्ट.”

नियम साफ आहे. डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा पडला पाहिजे, धुळीला गुण नाही. हात वर करून ‘प्रोटेस्ट’ म्हणता येतं. पंजाबी काकांनी डोळ्यांनी खूणही केली. पण तुकडा मीही बघितला नव्हता. बंदूक उघडली, रिकामं काडतूस उडून पायाशी पडलं.

एकोणीस. तिन्ही फेऱ्या मिळून ७५ पैकी ५१. पहिली आलेली मुलगी सतराएक वर्षांची होती, तिनं ७१ फोडल्या आणि बक्षीस घेतानाही ती कानातले बोळे काढायला विसरली.

निजामुद्दीनहून कोल्हापूरची गाडी धरली. एवढ्या लांबच्या प्रवासात मी ती धूळ किती वेळा बघितली असेल. दुसरा बार का नाही मारला, ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं. जे हवं होतं ते दिसल्यावर मी कामच थांबवलं. वीस वर्षांपूर्वी दुधाळीत ह्याच सवयीला शाबासकी मिळायची.

घरी आण्णा ओसरीवर बसले होते.

“किती पडलं?”

“एक्कावन्न.”

“शंभरात?”

“पंचाहत्तरात.”

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हंजी अडुसष्ट टक्के. फस्टक्लास की! धावीला एवढं कुठं हुतं तुला?”

सुभेदारांना हे अजून सांगितलेलं नाही.